पगार तोच, मग गेले काय?

वाचकहो, दिवाळी अंकासाठी काहीतरी हलकेफुलके लिहा, असा संपादकांचा दरवर्षीप्रमाणे निरोप आला होता. चकली, करंजी, आकाशकंदील यांपैकी एखादा विषय घेऊन चार पाने खुसखुशीत करावीत, असे मीही मनाशी ठरवले होते. पण गणपती उठले आणि त्याच आठवड्यात आमच्या समोरच्या बिऱ्हाडात एक पत्र आले. त्या पत्राने माझा विषय पळवला. तेव्हा ऐन फराळाच्या दिवसांत नोकरीच्या गोष्टी सांगत बसल्याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवतो. मात्र ज्या घरात पगाराची तारीख पाहून दिवाळीची यादी करतात, त्या घराला ही हकीकत परकी वाटू नये.

आम्ही वाशीला राहतो. समोरच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांना सारी सोसायटी भाऊसाहेब म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. वयाने ते माझ्याहून पाचसहा वर्षांनी वडील. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात स्टोअर्स विभागात 18 वर्षे कारकुनी करीत आलेले. माल आला की नोंद, माल गेला की नोंद. हाताखाली माणूस नाही, डोक्यावर मात्र तीन साहेब. या रस्त्यावर औद्योगिक वसाहत उभी राहिली, 1970 साली सिडको आली, शहर वसले. पुढे जिथे धुरांडी होती तिथे ऐरोली-महापे भागात संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती चढल्या. एवढे सगळे बदलत असताना भाऊसाहेबांची नोंदवही तेवढी वहीतून संगणकात गेली; बाकी ते होते तिथेच होते.

त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले ते हातात पेढ्यांचा पुडा घेऊन.

"सर, तोंड गोड करा. नोकरी वाचली!"

नोकरी धोक्यात होती हेच मला ठाऊक नव्हते. मी पेढा घेतला आणि विचारले, "म्हणजे झाले काय?"

"अहो, कंपनीची पुनर्रचना चालली आहे. आमचा स्टोअर्स विभागच बंद. पण साहेबांनी वाऱ्यावर सोडले नाही हो! तळोज्याला त्यांची दुसरी कंपनी आहे, तिथे मला घेताहेत. पगार हाच. एक पैसा कमी नाही."

त्यांच्या पाठोपाठ वहिनी आल्या. त्यांच्या हातात पुडा नव्हता, कागद होते. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही मराठीचे आहात हे मला माहीत आहे. पण हे इंग्रजी एकदा वाचून द्या. यांना आनंद झाला आहे, मला काही कळलेलं नाही."

कागद दोन होते. पहिला तळोज्याच्या कंपनीचा. त्यात नेमणूक होती, पगाराचा आकडा होता, आणि ही नेमणूक रुजू झाल्याच्या तारखेपासून नव्याने समजली जाईल, असे एक वाक्य होते. दुसरा कागद जुन्या कंपनीचा. तो छापीलच होता; नाव आणि तारीख घालायला तेवढी जागा सोडलेली. मजकूर असा की, मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे, माझी सर्व कायदेशीर देणी मला मिळतील, आणि त्यापुढे माझी कंपनीकडून कोणतीही मागणी राहणार नाही. शनिवारपर्यंत दोन्हींवर सही हवी होती.

"आणि सही नाही केली तर?" मी विचारले.

"साहेब म्हणाले, दुसरे काम देऊ करूनही माणसाने नाकारले, तर त्याला कायद्याने काहीच मिळत नाही. एक रुपयासुद्धा नाही."

मी कागद खाली ठेवले. 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द मला खटकले. विभाग कंपनीने बंद केला, मग कारण भाऊसाहेबांचे वैयक्तिक कसे? पण भाऊसाहेबांनी मला बोलूच दिले नाही. म्हणाले, "सर, शब्दांचे काय घेऊन बसलात? पगार तोच, मग गेले काय?"

या प्रश्नाला माझ्यापाशी त्या क्षणी उत्तर नव्हते. काहीतरी जाते आहे असे वाटत होते, पण काय ते नेमके सांगता येईना. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाची यापरती फजिती नाही. मग मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती बी.ए.ला माझ्याकडे मराठी घेऊन होती, पुढे कायदा शिकली आणि आता कामगारांचे खटले चालवते. रविवारी तिने आम्हां तिघांना समोर बसवून दोन्ही कागद वाचले आणि माझ्याकडे पाहून हसली.

"सर, तुम्ही आम्हाला वाक्य आलं की आधी कर्ता शोधायला लावायचात. इथेही तेच करायचं. या कागदात नोकरी सोडणारा कोण आहे?"

"मी," भाऊसाहेब म्हणाले.

"आणि खरं म्हणजे सोडतंय कोण?"

भाऊसाहेब गप्प राहिले. उत्तर वहिनींनी दिले, "कंपनी."

"बस्स. सगळा कायदा या कर्त्यावर उभा आहे," ती म्हणाली.

तिने समजावले ते माझ्या शब्दांत सांगतो. मालक जेव्हा कामगाराला, शिक्षा म्हणून नव्हे, अन्य कारणाने कामावरून कमी करतो, तेव्हा त्याला कायदा 'कपात' म्हणतो. पूर्वी हे 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमात होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची कारणांसहित लेखी नोटीस द्यावी लागते, किंवा नोटिशीऐवजी महिन्याचा पगार. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई म्हणून द्यावा लागतो. शेवटचे अपुरे वर्ष सहा महिन्यांहून जास्त भरले असेल तर तेही धरतात. सरकारला कळवावे लागते. कारखान्यात, खाणीत किंवा मळ्यात 300 वा अधिक कामगार असतील तर नुसते कळवून भागत नाही. आधी सरकारची परवानगी लागते आणि नोटीस तीन महिन्यांची. हा परवानगीचा आकडा 1976 साली कायद्यात आला तेव्हा 300 होता, पुढे तो 100 वर आला, आणि आता पुन्हा 300 झाला आहे. भाऊसाहेबांचा कारखाना त्याहून लहान, म्हणून परवानगीचा प्रश्न नव्हता. बाकीचे सारे नियम मात्र लागू होते.

आणखीही काही गोष्टी आहेत. एकाच प्रकारच्या कामावरच्या माणसांपैकी कपात करायची, तर जो सर्वांत शेवटी आला त्याला साधारणतः आधी कमी करायचे; उलटे करायचे असल्यास मालकाने त्याची कारणे नोंदवायची. कपातीनंतर वर्षभरात मालकाने पुन्हा माणसे घ्यायची ठरवली, तर कमी केलेल्यांना आधी विचारायचे. नव्या संहितेत कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून एका निधीचीही तरतूद आहे. मालकाने कपात केलेल्या कामगारामागे 15 दिवसांचा पगार त्यात भरायचा आणि ती रक्कम 45 दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायची.

"पण," ती म्हणाली, "स्वखुशीने नोकरी सोडणं कपातीत मोडत नाही. राजीनामा दिला की कपात नाही, आणि कपात नाही की भरपाई नाही. या छापील कागदाचं काम एवढंच आहे."

"पण देणी मिळतील असं लिहिलंय की त्यात!" भाऊसाहेब म्हणाले.

"ती कोणती? ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड. पाच वर्षं झाली की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी बुडत नाही, आणि फंड तर तुमच्याच पगारातून साठलेला. तुमचं तुम्हाला मिळेल असं कंपनी मोठ्या मनानं लिहून देते आहे. जे खरोखर जादा मिळायचं, त्याचं नावच या कागदात नाही."

मग तिने पेन्सिल घेतली आणि भाऊसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर पाठकोऱ्या कागदावर मांडले. 18 वर्षे, प्रत्येकी 15 दिवस, म्हणजे 270 दिवस. साधारण नऊ महिन्यांचा पगार. तो आज बुडणार. आणि समजा, दोन वर्षांनी तळोज्याच्या कंपनीचीही पुनर्रचना निघाली, तर? नोकरी सलग धरली असती तर 20 वर्षांचे 300 दिवस, म्हणजे दहा महिन्यांचा पगार मिळाला असता. नव्याने नेमणूक झालेल्या माणसाला दोन वर्षांचे 30 दिवस मिळतील. शिवाय 'शेवटी आला तो आधी गेला' या नियमाने तिथे सर्वांत शेवटचे कोण? अर्थात 52 वर्षांचे भाऊसाहेब. ग्रॅच्युइटीची पाच वर्षेही पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

वहिनींनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. भाऊसाहेब कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

हे ऐकत असताना मला माझे आजोळ आठवत होते. माझे आजोळ बार्शीचे. लहानपणी आम्ही कुर्डुवाडीला उतरून अडीच फूट रुंदीच्या रुळांवरच्या चिमुकल्या गाडीत बसून बार्शीला जात असू. मामा सांगत की ही गाडी पूर्वी सरकारची नव्हती, एका इंग्रजी कंपनीची होती. बार्शी लाइट रेल्वे तिचे नाव. 1897 साली ती कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली, पुढे लातूरपर्यंत, पंढरपूरपर्यंत आणि 1927 साली मिरजेपर्यंत पोचली. या गाडीचा आणि भाऊसाहेबांच्या कागदाचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. मीही माझ्या विद्यार्थिनीला मामांची ही गोष्ट सहज सांगितली, तर ती उडालीच. म्हणाली, "सर, हा कायदा तुमच्या बार्शीनंच घडवला आहे!"

ती हकीकत अशी. कपातीच्या भरपाईचा हक्क भारतातल्या कामगाराला 24 ऑक्टोबर 1953 पासून मिळाला. त्यानंतर महिना उलटतो न उलटतो तोच, नोव्हेंबर 1953 मध्ये बार्शी लाइट रेल्वेच्या कामगारांना नोटीस लागली. 1 जानेवारी 1954 पासून भारत सरकार ही रेल्वे ताब्यात घेणार. सबब 31 डिसेंबरला सर्वांची नोकरी संपेल. ज्यांची इच्छा असेल त्यांना सरकार आपल्या अटींवर कामावर घेईल. बहुतेकांना सरकारने घेतले. पुष्कळांना पूर्वीचीच वेतनश्रेणी मिळाली, काहींना थोडी खालची. गाडी तीच, रूळ तेच, स्टेशनही तेच. भाऊसाहेबांच्या भाषेत, पगार तोच, मग गेले काय? पण कामगारांच्या संघटनेने विचारले की कंपनीने आमची नोकरी संपवली ना? मग आमच्या आजवरच्या वर्षांची भरपाई द्या.

मुंबई उच्च न्यायालयाने कामगारांचे म्हणणे मान्य केले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. बार्शी लाइट रेल्वे कंपनी विरुद्ध के. एन. जोगळेकर असे त्या अपिलाचे नाव. 27 नोव्हेंबर 1956 रोजी निकाल लागला आणि तो कामगारांच्या विरुद्ध गेला. सारा वाद एका शब्दाच्या अर्थाचा होता. न्यायालय म्हणाले की कपात याचा सामान्य अर्थ, चालू असलेल्या धंद्यातली जादा माणसे कमी करणे. इथे धंदाच त्या मालकाच्या हातून गेला. तेव्हा ही कपात नव्हे, आणि कपात नव्हे म्हणून भरपाई नाही.

या निकालाने देशभर कामगारांत काळजी पसरली असल्यास नवल नाही. उद्या कोणीही कारखाना विकावा आणि हात झटकावेत! संसदेने 1957 साली कायदा दुरुस्त केला. कारखाना एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला, तर जुन्या कामगारांना कपात झाल्याप्रमाणेच नोटीस आणि भरपाई मिळेल, असे ठरले. भरपाई टळायची असेल तर तीन अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. पहिली, मालक बदलल्यामुळे नोकरीत खंड पडता कामा नये. दुसरी, नव्या मालकाकडच्या अटी जुन्यांपेक्षा कमी प्रतीच्या नसाव्यात. आणि तिसरी, पुढे कधी कपात झाली तर नव्या मालकाने भरपाई देताना जुनी वर्षे धरून द्यावी. नव्या संहितेतही ही तीन कलमे जशीच्या तशी आली आहेत.

आता यातली चुटपुट लावणारी गोष्ट सांगतो. 1957 ची ही दुरुस्ती मागील तारखेपासून लागू केली गेली. कोणत्या तारखेपासून? 28 नोव्हेंबर 1956 पासून. म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. कायद्याने बार्शीचे ऐकले, पण बार्शीला काही दिले नाही. कुर्डुवाडीच्या फलाटावर ज्यांनी तो प्रश्न उभा केला, त्यांचे हात रिकामे राहिले आणि त्यांच्या मागून आलेल्या साऱ्या देशाला उत्तर मिळाले. मी त्या गाडीत कितीदा बसलो असेन, पण मला हे कोणी सांगितले नव्हते.

भाऊसाहेबांची गोष्ट बार्शीहून थोडी निराळी होती, हे खरे. त्यांचा कारखाना कोणी विकत घेतलेला नव्हता. विभाग बंद करून त्यांना दुसऱ्या कंपनीत पाठवायचे होते. "पण ती कंपनी याच मालकांची ना? मग ही नुसती बदलीच नाही का?" असे मी विचारले. त्यावर माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, बहीण झाली तरी तिचा संसार वेगळा. कायद्याच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या मालकिणी आहेत. एकाच कंपनीत एका जागेवरून दुसऱ्या जागी पाठवलं तर ती बदली, आणि नेमणुकीच्या अटींत बदलीचं कलम असेल तर ती उगाच नाकारणं महागात पडतं. पण एका मालकाकडचा माणूस त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या मालकाच्या हवाली करता येत नाही."

या संमतीच्या तत्त्वासाठी तिने मला जो निकाल सांगितला, तो चक्क एका प्राध्यापकाचा निघाला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे इंफाळला एक केंद्र होते. ते केंद्र मणिपूर विद्यापीठाकडे सोपवले गेले आणि तिथल्या जवाटकर नावाच्या अध्यापकांना सांगण्यात आले की आता तुम्ही मणिपूरचे. ते म्हणाले, मला नेमले दिल्लीच्या विद्यापीठाने, मी त्यांचाच. 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे उचलून धरले. हे ऐकून मला जरा धीर आला. कारण शिक्षक हा या कामगार कायद्यापुरता कामगार नव्हे, असे गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात 1988 साली ठरलेले आहे. तेव्हा भाऊसाहेबांना लागू पडणारी कलमे मला लागू पडत नाहीत. पण संमतीवाचून मालक बदलत नाही, ही गोष्ट माझ्यासारख्यालाही लागू आहे.

कामगार कोण, याबद्दल मध्यमवर्गात एक मोठा गैरसमज आहे. पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाला वाटते, कामगार म्हणजे यंत्रापाशी काम करणारा. आपण तर ऑफिसात बसतो! तसे नाही. कारकुनी, तांत्रिक कामे करणाराही कामगारच, मग पगार कितीही असो. महिना 18,000 रुपयांची मर्यादा आहे ती देखरेखीचे काम करणाऱ्यांपुरती; आणि व्यवस्थापक वगळलेले आहेत. तिथेही दारावरच्या पाटीपेक्षा प्रत्यक्ष काम काय हे पाहिले जाते. हल्ली पगार न वाढवता माणसाला 'मॅनेजर' म्हणण्याची पद्धत पडली आहे. नुसत्या पदवीने हक्क जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

राहता राहिला साहेबांनी घातलेला धाक. 'दुसरे काम नाकारले तर काहीच मिळत नाही' हे त्यांनी अगदीच हवेतून काढले नव्हते. असा एक नियम आहे, पण तो ले-ऑफचा. कच्चा माल नाही, वीज नाही, म्हणून मालक काही दिवस काम देऊ शकत नाही, तेव्हा कामगाराला निम्मा पगार मिळतो. त्या काळात त्याच मालकाने त्याच गावात किंवा आठ किलोमीटरच्या आत, खास कौशल्य लागणार नाही असे, नेहमीच्याच पगाराचे दुसरे काम देऊ केले आणि कामगाराने ते नाकारले, तर तो निम्मा पगार मिळत नाही. हा नियम कपातीचा नव्हे. आणि असता तरी तळोजे काही आमच्या कारखान्यापासून आठ किलोमीटरच्या आत नाही!

इंग्लंडात मात्र कपातीलाही असा नियम आहे. तिथे 1965 च्या कायद्याने कपातीची भरपाई आली. मालकाने योग्य असे दुसरे काम देऊ केले आणि कामगाराने विनाकारण नाकारले, तर तिथे भरपाई जाते. पण त्यांनी एक शहाणपण केले आहे. नव्या कामाच्या अटी वेगळ्या असतील तर ते चार आठवडे करून पाहण्याची मुभा कामगाराला आहे; त्या मुदतीत काम खरोखरच योग्य नाही असे दिसले, तर भरपाईचा हक्क शाबूत राहतो. आपल्या कायद्यात अशी चाचणीची मुदत नाही. म्हणून आपल्याकडे जे काही विचारायचे ते सहीच्या आधी विचारले पाहिजे. नंतर विचारायला जागा उरत नाही.

मग आम्ही तिघांनी मिळून एक पत्र लिहिले. भांडणाचे नव्हे, अगदी नम्र. दिलेल्या संधीबद्दल आभार मानले, नव्या ठिकाणी जाण्याची तयारी दाखवली आणि चार गोष्टी लेखी कळवाव्यात अशी विनंती केली. माझी 18 वर्षांची नोकरी सलग धरली जाईल काय? शिल्लक रजा आणि ग्रॅच्युइटीची वर्षे पुढे चालू राहतील काय? पुढे कपात झाल्यास नवी कंपनी सर्व वर्षांची भरपाई देईल काय? आणि यांपैकी काही शक्य नसल्यास, जुनी कंपनी मला नियमाप्रमाणे कपातीची नोटीस आणि भरपाई देईल काय? राजीनाम्याच्या कागदाबद्दल एवढेच लिहिले की, मी स्वखुशीने नोकरी सोडत नसल्यामुळे त्यावर सही करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. हे शेवटचे वाक्य भाऊसाहेबांनी स्वतः घातले. पत्र दिल्याची पोच घेतली. पोच घेण्याचा आग्रह वहिनींचा.

त्यानंतरचे पंधरा दिवस त्या घरात कोणाला झोप नव्हती. भाऊसाहेब दोनदा माझ्याकडे येऊन म्हणाले, "सर, हातचे घालवले तर नाही ना आपण?" 'आपण' म्हणाले, पण जाणार होते ते त्यांचे. मी वरवर धीर देत होतो आणि आत माझ्याही पोटात गोळा येत होता. दुसऱ्याच्या पोटापाण्यावर सल्ला देणे सोपे नाही, हे त्या पंधरवड्यात मला चांगलेच कळले.

अखेर बोलावणे आले. राजीनाम्याचा आग्रह सुटला. दोन्ही कंपन्या आणि भाऊसाहेब यांच्यात एक कागद झाला; नोकरी सलग, रजा शिल्लक, भरपाईची जबाबदारी नव्या कंपनीची. प्रवासभत्ता मागितला होता, तो मात्र मिळाला नाही. आता भाऊसाहेब सकाळी सव्वासहाला घर सोडतात आणि रात्री आठला परततात. तेव्हा सगळेच मिळाले असे नाही. पण 18 वर्षे त्यांची त्यांच्याजवळ राहिली.

इथेच गोष्ट संपवली असती तर दिवाळी अंकाला साजेसा गोड शेवट झाला असता. पण दसऱ्याच्या संध्याकाळी भाऊसाहेबांबरोबर त्यांचे एक सहकारी आमच्याकडे सोने द्यायला आले. वय चाळिशीचे, त्याच विभागात 11 वर्षे. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, आपट्याचे पान हातात दिले आणि हळूच म्हणाले, "सर, मी पहिल्याच दिवशी सही केली. साहेब समोर उभे होते. आता काही होईल का हो?"

मी लगेच विद्यार्थिनीला फोन लावून दिला. ती म्हणाली, दबावाखाली घेतलेला राजीनामा हा राजीनामा नव्हे असे मांडता येते. पण दबाव होता हे सिद्ध करायचे ओझे तुमच्यावर, आणि जितका उशीर तितके ते जड. आजच्या आज तसे लेखी कळवा, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन सल्ला घ्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मान हलवली. उठताना म्हणाले, "बघतो. आता रोज त्यांच्याच दारात उभं राहायचं आहे ना." त्यांनी पत्र दिले की नाही, मला माहीत नाही. विचारायचा धीर झालेला नाही.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत एवढेच मागणे. घरात असा कागद आला, आणि पुनर्रचनेच्या या दिवसांत तो कोणाच्याही घरी येऊ शकतो, तर मिळालेल्या नोकरीचा आनंद जरूर माना. पण सही करण्यापूर्वी एक रात्र तो कागद घरी ठेवा. घरातल्या ज्या माणसाला तो कळला नाही असे वाटते, त्याला मोठ्याने वाचायला सांगा. आणि वाक्यावाक्याला विचारा की, याचा कर्ता कोण? जाणारे तुम्ही आहात, की तुम्हाला पाठवले जाते आहे? पगाराचा आकडा पहिल्या ओळीत असतो. तुमची वर्षे कुठे आहेत, ती शोधा. ती कागदावर दिसत नसतील, तर गेले काय या प्रश्नाचे उत्तर तेच आहे.

समोरच्या बिऱ्हाडात आकाशकंदील लागला आहे. वहिनींनी आताच चकल्या पाठवल्या. म्हणजे चकलीचा विषय शेवटी आलाच. आपणां सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो.